कोल्हापुरात भाड्याच्या उत्पन्नासाठी घर, फ्लॅट किंवा गाळा घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करार, कर आणि कर्जाच्या कामासाठी येणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या गल्लीतले भाव तुम्ही घाला, रीत तीच राहते.

१. फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर हातात नक्की किती उरतं?

एजंट सांगतो ते वर्षाचं भाडं भागिले फ्लॅटची किंमत. तो आकडा ऐकायला बरा वाटतो, पण खिशात तेवढं येत नाही.

४० लाखांचा टू बीएचके धरू. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणी फी ३० हजार. पंखे, गिझर, किचन ट्रॉली, सेफ्टी डोअर यांचा लाखभर. झाले ४३ लाख ७० हजार. भाडं ११ हजार धरलं आणि दोन भाडेकरूंच्या मधे महिनाभर फ्लॅट रिकामा राहिला, तर वर्षाला १ लाख २१ हजार येतात. त्यातून मेंटेनन्स १२ हजार, बिगर-वहिवाट शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) हजारभर, घरफाळा ६ हजार, रंग-प्लंबर-किरकोळ १० हजार, एजंट साडेपाच हजार, करार दीड हजार. खर्च ३६ हजार, उरले ८५ हजार. म्हणजे गुंतवलेल्या पैशावर दोन टक्क्यांनाही थोडं कमीच.

फ्लॅटची किंमत वाढते हे खरं. पण ती वाढ विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि हे पान दरमहा हातात येणाऱ्या पैशाबद्दल आहे.

२. कर्ज काढून फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यातून हप्ता फेडायचा, जमतं का?

नाही. ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण २६ हजार. वरच्या हिशेबाने हातात येतात महिना सात हजार. उरलेले एकोणीस हजार पगारातून जाणार, तेही वीस वर्षं.

उलटा हिशेब करा. सात हजारांत किती कर्जाचा हप्ता बसतो? साधारण आठ लाखांच्या. म्हणजे ४३ लाखांतले ३५ लाख स्वतःचे असतील तरच भाडं हप्त्याला पुरतं. एवढी रोकड असलेला माणूस फ्लॅटच का घेतोय, हा प्रश्न त्याने आधी स्वतःला विचारावा. मुलगा पुढे राहायला येणार असेल तर उत्तर वेगळं, पण मग ती भाड्याची गुंतवणूक नव्हे, घरची सोय आहे.

३. मग इथे भाड्याचा पैसा सुटतो तरी कशात?

स्वतःच्या घरावर चढवलेल्या मजल्यात. आर. के. नगर, पाचगाव, कळंबा, फुलेवाडी या बाजूला फिरा. खाली मालक, बाहेरून जिना, वर दोन भाडेकरू, असं घर गल्लीगणिक दिसेल.

सातशे चौरस फूट बांधकाम १,८०० रुपये दराने धरलं तर १२ लाख ६० हजार. त्यात स्वतंत्र दाराच्या दोन छोट्या बिऱ्हाडांचे साडेपाच-साडेपाच हजार. अकरा महिन्यांचे १ लाख २१ हजार, खर्च वीसेक हजार, हातात लाखभर. म्हणजे आठ टक्के. जागेची किंमत यात धरलेली नाही हे उघड आहे, पण ती जागा तुम्ही राहण्यासाठी कधीच घेतलेली असते. शिवाय एजंट लागत नाही, नळ गळला तर लगेच कळतं, आणि भाडं मागायला गाडी काढावी लागत नाही.

आधी दोन कामं करा. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया आणि कॉलम तपासून घ्या. वीस वर्षांपूर्वी एकाच मजल्यासाठी बांधलेलं घर दुसरा मजला पेलेलच असं नाही. आणि बांधकाम परवाना घ्या. विनापरवाना मजल्याला बँक कर्ज देत नाही आणि पुढे विकताना ग्राहक भाव पाडतो.

जिना मात्र बाहेरूनच हवा. आतून जिना ठेवून "घरच्यासारखे राहतील" म्हणणारे मालक वर्षभरात वैतागतात.

४. कुठला भाग चांगला?

भाडेकरू कोण हवा, त्यावर भाग ठरतो. विद्यापीठाचे विद्यार्थी हवे असतील तर राजारामपुरी, सागरमाळ, राजेंद्रनगर. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले कामगार-सुपरवायझर हवे असतील तर उचगाव, सरनोबतवाडी आणि महामार्गालगतची गावं. बदलीवर येणारे अधिकारी, डॉक्टर यांना ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी आवडते. तिथे भाडं जास्त, पण खरेदीचा भाव त्याहून जास्त, त्यामुळे टक्केवारी उलट घसरते.

पेठेतली खोली लवकर लागते, पण गाडी लावायला जागा नाही म्हणून चारचाकीवाला भाडेकरू येत नाही.

आणि भाग कुठलाही असो, भाडेकरूचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी किती वाजता येतं, किती वेळ?" काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०२३ मध्ये सुरू झाली तरी प्रत्येक गल्लीचं वेळापत्रक वेगळं आहे. घेण्याआधी शेजारच्या घरात विचारा, बिल्डरला नको.

५. पूर येणाऱ्या भागात फ्लॅट स्वस्त मिळतोय, वरचा मजला आहे. घ्यावा का?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्यामुळे "आमच्याकडे कधी येत नाही" हे वाक्य २०१९ च्या आधीचं की नंतरचं, ते विचारून घ्या.

पाणी तिसऱ्या मजल्यावर येत नाही, पण भाडेकरू तिसऱ्या मजल्यावरूनही जातो. कारण खाली पार्किंगमध्ये मीटरबोर्ड, लिफ्टचा खड्डा, पाण्याची मोटर असते. ते बुडालं की लाईट नाही, पाणी नाही, उतरायचं तर बोटीतून. पाणी ओसरल्यावर चिखल काढणं, टाकी धुणं, मोटर बांधून घेणं याची वर्गणी मालकाकडून निघते.

बघायला जाल तेव्हा पार्किंगच्या भिंतीकडे नीट पाहा. नवा रंग खांद्याएवढ्या उंचीपर्यंतच आहे का? मीटर डोक्याच्या वर हलवलेले आहेत का? दोन्ही असेल तर पाणी कुठवर आलं होतं ते वॉचमनशिवायही कळतं. व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, शाहूपुरीच्या काही गल्ल्या, रमणमळा, न्यू पॅलेस, बापट कॅम्प इथे हे हटकून तपासा. पूररेषेच्या नकाशात दोन रेषा असतात, नदीकडची निळी आणि तिच्या बाहेरची लाल. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते, निळ्या-लालच्या मधे अटी असतात. तेव्हा प्लॉट घेणार असाल तर पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

भाव खरोखर वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी असेल आणि मीटर-मोटर वर हलवलेले असतील, तर माझ्या मते घ्यायला हरकत नाही. पाच-दहा टक्क्यांच्या सवलतीसाठी नको.

६. विद्यार्थ्यांना कॉट बेसिसवर द्यावं की फॅमिलीला?

टू बीएचकेमध्ये सहा कॉट, प्रत्येकी अडीच हजार म्हटले तर १५ हजार. फॅमिलीकडून ११ हजार. वरचे चार हजार फुकट मिळत नाहीत. परीक्षा संपल्या की मे-जूनमध्ये निम्म्या कॉट रिकाम्या, पाण्याचा वापर दुप्पट, नळ-कडी-कोयंडे वर्षात बदलायचे, आणि रात्री अकरानंतर शेजाऱ्यांचा फोन तुम्हाला.

स्वतःच्या बंगल्यात, खाली मालक राहत असेल तर कॉट बेसिस परवडतं. अपार्टमेंटमध्ये फॅमिलीच बरी. मुलींसाठी खोल्या देणाऱ्यांकडे जागा क्वचित रिकामी राहते, पण गेट, लाईट, सीसीटीव्ही यात हात आखडून चालत नाही. विद्यार्थी असोत की फॅमिली, करार लागतोच (प्रश्न ९) आणि भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यात द्यायची.

७. सर्किट बेंच आल्यामुळे ऑफिससाठी गाळा घ्यावा का?

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची कामं इथे येतात. वकिलांना ऑफिस हवं, पक्षकारांना रात्रीची खोली हवी, टायपिंग-झेरॉक्सला टपरी हवी. मागणी खरी आहे.

पण सध्याची इमारत सीपीआर रुग्णालयासमोर आहे आणि कायमच्या इमारतीसाठी जागा शेंडा पार्कात. भाऊसिंगजी रोडवरचा गाळा "कोर्टासमोर" म्हणून चढ्या भावात घेतला आणि कोर्ट पुढे सरकलं, तर तुमच्याकडे साधा गाळा राहील. त्यामुळे कोर्ट नसतानाही तो गाळा किती भाड्याने गेला असता, तेवढ्यावरच किंमत ठरवा.

एरवी गाळ्याचं भाडं फ्लॅटपेक्षा टक्केवारीने बरं असतं. धोका असा की फ्लॅट महिन्यात लागतो, गाळा वर्षभरही बंद राहतो. घरफाळा आणि लाईटचा दर व्यावसायिक, म्हणून मागच्या मालकाची घरफाळ्याची पावती आणि थकबाकी बघितल्याशिवाय हिशेब मांडू नका. पहिल्या मजल्यावरचे, रस्त्यावरून न दिसणारे गाळे मी तरी सुचवत नाही.

८. अंबाबाईला येणाऱ्या भाविकांसाठी दिवसावर खोल्या द्याव्यात का?

मंदिरापासून चालत अंतरावर घर असेल तर विचार करा. नवरात्र, दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि शनिवार-रविवार चालतात, भर पावसात थंड. पण हे भाडं नव्हे, धंदा आहे: चादरी धुणं, ओळखपत्रांची नोंद, पहाटे चारला येणाऱ्या बसचे प्रवासी. अपार्टमेंटमधला फ्लॅट यासाठी वापरलात तर बाकीचे सभासद हरकत घेणारच.

९. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला तर चालतो ना?

चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं. नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महाग पडणारी गोष्ट म्हणजे नोंदणीकृत करार नसेल तर भाडं किती, अटी काय, याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. खोटं ठरवायचं काम तुमचं.

एवढं करून वाचतं किती, तेही बघा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का. परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कमही भाड्यात मिळवायची. भाडं ९ हजार, ११ महिने, डिपॉझिट ५० हजार: ९९ हजार अधिक साधारण ४,६०० म्हणजे १ लाख ३ हजार ६००, त्याचा पाव टक्का २५९ रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. नोंदणी ऑनलाइन, अंगठा आणि आधार लावून घरबसल्या होते. एवढ्यासाठी पाचशेच्या बाँडवर नोटरी करून घेणारे लोक अजून येतात, याचं आश्चर्य वाटतं.

अकरा महिन्यांचा हट्टही गरजेचा नाही. भाडेकरू चांगला असेल तर ३६ महिन्यांचा करार, दरवर्षी पाच-सात टक्के वाढ लिहून. दर वर्षीची एजंटची आणि कराराची फेरी वाचते.

१०. मुदत संपली, भाडेकरू जागा सोडत नाही. कुलूप लावू का?

कुलूप लावायचं नाही, पाणी-लाईट तोडायचं नाही, गल्लीतली चार पोरं पाठवायची नाहीत. अत्यावश्यक सेवा तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मग तक्रारदार तो आणि आरोपी तुम्ही.

राहण्यासाठी दिलेल्या जागेचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार (ठरल्या मुदतीपुरती वापराची परवानगी देणारा) असेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे करार हाच पुरावा, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. दुकानगाळ्याला ही वाट नाही, दिवाणी न्यायालयात जावं लागतं. म्हणून गाळ्याचं डिपॉझिट जास्त घेतात.

११. सोसायटी एनओसी मागते आणि मेंटेनन्स दुप्पट लावते. द्यावं लागतं का?

सहकारी गृहनिर्माण सोसायटी असेल तर भाडेकरू ठेवायला परवानगी लागत नाही, कळवणं लागतं. बिगर-वहिवाट शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, तसा शासन आदेश २००१ पासून आहे. सेवाशुल्क म्हणजे पूर्ण मेंटेनन्स बिल नव्हे. घरफाळा, पाणी, सिंकिंग फंड वगैरे त्यातून वगळायचे.

मेख अशी की कोल्हापुरातल्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून घोषणापत्रावर (इमारतीच्या नोंदवलेल्या दस्तावर) चालणारं अपार्टमेंट असतात. तिथे हा १० टक्क्यांचा नियम थेट लागत नाही, घोषणापत्र आणि उपविधी काय म्हणतात ते बघावं लागतं. खरेदीआधी त्याची प्रत मागा.

१२. डिपॉझिट किती घ्यावं?

घरासाठी तीन ते सहा महिन्यांचं भाडं. कमीत कमी एवढं हवं की नोटिशीचा महिना, लाईट बिल आणि रंगाचा खर्च त्यातून निघेल. आलेलं डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवा. परत द्यायच्या दिवशी नव्या भाडेकरूच्या डिपॉझिटची वाट बघणारा मालक गल्लीत लवकर बदनाम होतो.

१३. लाईट मीटर एकच आहे, सब-मीटर चालेल?

चालवतात लोक, पण स्वतंत्र मीटर घ्या. सब-मीटरमध्ये युनिटचा दर किती यावर दर महिन्याला वाद होतो, आणि एकत्र वापरामुळे सगळेच वरच्या स्लॅबमध्ये जातात. भाडेकरू घरगुती मीटरवर खानावळ किंवा शिलाईचं युनिट चालवत असेल तर महावितरणची वसुली मीटर ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येते. तशी मनाई करारात लिहा.

१४. भाड्यावर कर किती लागतो?

मिळालेल्या भाड्यातून तुम्ही भरलेला घरफाळा वजा करायचा, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजावट, मग कर्जाचं व्याज. प्रश्न १ मधला फ्लॅट घ्या: १ लाख २१ हजार वजा ६ हजार म्हणजे १ लाख १५ हजार, त्याचे ३० टक्के ३४,५०० वजा, करपात्र ८०,५००. रंग, प्लंबर, एजंट, मेंटेनन्स हे सगळं त्या ३० टक्क्यांत आलं, वेगळं मागता येत नाही.

कर्ज असेल तर पहिल्या वर्षी व्याजच अडीच लाखांच्या आसपास जातं, म्हणजे घराच्या सदरात तोटा. जुन्या करप्रणालीत हा तोटा दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत होत नाही. "कर वाचतो म्हणून कर्ज काढून फ्लॅट घ्या" हा सल्ला जुन्या प्रणालीतला आहे, आणि आता बहुतेक पगारदार नव्या प्रणालीत आहेत.

१५. टीडीएस आणि जीएसटीची भानगड आपल्याला लागते का?

घराच्या साध्या भाड्याला बहुधा नाही. व्यक्ती भाडेकरू असेल तर महिना ५० हजारांच्या वर भाडं असेल तरच तो २ टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापतो. कंपनी किंवा ऑडिट लागणारा व्यावसायिक असेल तर तीच ५० हजारांची मर्यादा, पण इमारतीच्या भाड्यावर दर १० टक्के. मालक परदेशात असेल तर ही मर्यादा लागूच नाही. दहा हजारांच्या भाड्यावरही भाडेकरूने ३० टक्के आणि अधिभार-उपकर कापायला हवा. मुलगा अमेरिकेत, फ्लॅट त्याच्या नावावर आणि भाडं वडील घेतात, अशा घरांत हे हमखास राहून जातं.

राहण्यासाठी साध्या कुटुंबाला दिलेल्या घरावर जीएसटी नाही. गाळ्याच्या भाड्यावर १८ टक्के, पण तुमची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला नोंदणी लागत नाही. मात्र भाडेकरू जीएसटी नोंदणीकृत असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर त्याने स्वतः भरायचा. भाडं ठरवताना तो हे धरूनच घासाघीस करतो.

१६. पाचगाव-उचगावकडे गुंठेवारीतला (शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेला) प्लॉट घेऊन खोल्या बांधल्या तर?

शहराची हद्द १९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून वाढलेली नाही, म्हणून भोवतालची गावं शहरासारखी दिसली तरी परवाना, नोंदी, पाणी वेगळ्या कार्यालयात. सातबारा, बिगरशेती आदेश आणि मंजूर लेआउट बघा. तिन्ही नसतील तर बँक दारात उभं करत नाही. रोख पैशातून बांधून भाडं खाणारे आहेत, पण विकायची वेळ आली की घेणाराही रोखवालाच शोधावा लागतो. स्वस्ताईचा निम्मा भाग तिथेच जातो.

१७. शिवाजी पेठेत जुनं घर भाडेकरूंसह स्वस्त मिळतंय. भाडं वाढवून घेता येईल?

भाडेकरू कधीपासूनचे, ते आधी बघा. जुने संरक्षित भाडेकरू असतील तर भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढतं. तीनशे रुपयांचे होतात तीनशे बारा. घर विकत घेतलं म्हणून भाडेकरू बदलत नाही, तुम्ही त्याचे नवे मालक होता इतकंच. असं घर दरमहा पैशासाठी कुणी घेऊ नये. भाडेकरूंशी आधीच लेखी तडजोड झाली असेल तर ती पुनर्विकासाची गोष्ट आहे, तिथे वकील आणि आर्किटेक्ट दोघे लागतात.

१८. फ्लॅट माझ्या नावावर, भाडं आईच्या खात्यात. कर आईला लागेल ना, तिचं उत्पन्न शून्य आहे?

नाही. कर मालकाला लागतो, पैसे कुणाच्या खात्यात गेले याला अर्थ नाही. फ्लॅटच आईला रीतसर बक्षीसपत्राने दिला तर पुढचं भाडं आईचं. तेच बायकोला बक्षीस दिलं तर उत्पन्न पुन्हा तुमच्यातच धरलं जातं. बायकोने स्वतःच्या पैशातून निम्मा वाटा घेतला असेल आणि खरेदीखतात वाटे लिहिलेले असतील, तर निम्मं भाडं तिच्या विवरणपत्रात जातं. म्हणून पैसे कुणाच्या खात्यातून गेले त्याचे बँकेचे उतारे खरेदीखताबरोबर जपून ठेवा.